आरोग्य समितीवर नाव लागलंय? मग गावाचा आराखडा असा करा

ग्रामसभेत कुणीतरी तुमचं नाव सुचवलं, दोघांनी माना डोलावल्या आणि तुम्ही आरोग्य समितीचे सदस्य झालात. बहुतेकांची सुरुवात अशीच होते. माझी त्याहून मजेशीर. मी सदस्य आहे हे मला पाच महिन्यांनी कळलं, तेही अंगणवाडीत रजिस्टरवर सही मागितली तेव्हा. बैठक झालीच नव्हती. सह्यांचे रकाने मात्र पट्टीने आखून तयार होते.

पहिल्या वर्षी आम्ही जो ‘आराखडा’ केला तो अर्ध्या पानाचा होता. गावाला दवाखाना द्या, डॉक्टर द्या, रुग्णवाहिका द्या. पंचायत समितीत नेऊन दिला, साहेब ‘बघतो’ म्हणाले, वर्ष गेलं. चूक आमचीही होती. कागद गेला होता भलत्या टेबलावर, भलत्या महिन्यात, आणि त्यातली एक मागणी तर मंजूर करण्याचा अधिकार अख्ख्या जिल्ह्यात कुणाला नव्हता. तुमचं एक वर्ष तरी वाचावं म्हणून हे लिहितोय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागापुरतंच आहे. महापालिकेच्या हद्दीत कार्यालयं आणि साहेब दोन्ही वेगळे.

१. आपण नेमके कोणत्या समितीवर आहोत ते पाहा

हसू नका, हे खरंच विचारावं लागतं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून वेगवेगळ्या पातळ्यांवर समित्या आल्या. गावपातळीवर आहे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. नाव एवढं लांब की सगळे तिला नुसतं ‘गाव समिती’ म्हणतात. उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे वाढीव सेवा देणारं केंद्र झालं असेल तर तिथे जन आरोग्य समिती असते. तिचा अध्यक्ष सरपंच आणि सदस्य सचिव समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण सीएचओ म्हणतो. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती. त्याच्यावर जिल्ह्याची समिती.

प्रत्येकीचा निधी वेगळा, हद्द वेगळी. गाव समितीला वर्षाला जास्तीत जास्त १०,००० रुपये अबंधित निधी मिळतो, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, बोलीभाषेत ‘अनटाइड’. त्यात उपकेंद्राचं छत दुरुस्त होणार नाही, आणि करायचंही नसतं. उपकेंद्राच्या डागडुजीचा विषय जन आरोग्य समितीत न्यायचा. आम्ही दोन बैठका छतावर वाया घालवल्या होत्या.

गाव समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात असं मार्गदर्शक सूचना सांगतात. कागदावर असतातही. बैठक संध्याकाळी सातला ठेवली की येत नाहीत, कारण ती चुलीची वेळ. दुपारी तीनला ठेवून पाहा.

२. कागद गोळा करा

पुढची सगळी कामं या पिशवीवर चालतात:

- समिती स्थापन केल्याचा ग्रामसभेचा ठराव, नक्कल शिक्क्यासह
- बँकेचं पासबुक, आणि खात्यावर कुणाकुणाच्या सह्या चालतात त्याची नोंद
- मागच्या वर्षीचं खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्चले याचा दाखला
- आशाताईंच्या नोंदवहीतून वस्तीवार लोकसंख्या, गरोदर माता आणि पाच वर्षांखालची मुलं यांचे आकडे (फक्त आकडे, नावं उतरवून घेऊ नका)
- उपकेंद्राच्या सिस्टरचा, म्हणजे आरोग्य सेविकेचा, महिन्याचा फिरती कार्यक्रम
- प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या सेवांच्या फलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो
- गावाचा हाताने काढलेला नकाशा, सगळ्या वाड्यांसह
- जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही

पासबुक आधी मागा. ते ‘सापडत नाही’ असं उत्तर मिळालं तर घाबरू नका, भांडूही नका. बँकेत अर्ज करून खात्याचा उतारा काढता येतो. आमच्या खात्यात दोन वर्षांचे पैसे तसेच पडून होते. कुणी खाल्ले नव्हते, पण खर्च कसा टाकायचा ते कुणाला माहीत नव्हतं. आणि खर्च दिसत नाही म्हणून पुढचा हप्ताही आला नव्हता.

३. मागणी लिहू नका, आधी रुग्ण कुठे अडतो ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘गावात सोयी नाहीत’ हे वाक्य कुणालाच हलवत नाही. शेवटच्या पाच-सहा आजारपणांची गोष्ट त्या त्या घरात बसून ऐका. दुखायला कधी लागलं, पहिल्यांदा कुणाला सांगितलं, निघायला किती वेळ लागला, कशाने गेलात, तिथे काय म्हणाले, पैसे किती गेले, गोळ्या आतून मिळाल्या की बाहेरून आणल्या. कुणाला कोणता आजार होता हे वहीत नावानिशी लिहू नका. ‘खालची वाडी, म्हातारं माणूस, रात्र’ एवढं पुरतं. गावात वही फिरते.

मी दोन गोष्टी सांगतो म्हणजे कल्पना येईल.

आमच्या उपकेंद्राच्या गावी मंगळवारचा बाजार. खालच्या वाड्यांतल्या बायका आठवड्यातून एकदाच, त्याच दिवशी, जीपने वर येतात. हातात भाजीची पिशवी, कडेवर पोर. आणि सिस्टरची बाहेरगावची लसीकरणाची फिरती नेमकी मंगळवारी. म्हणजे ज्या दिवशी बायका दारात उभ्या, त्याच दिवशी दाराला कुलूप. सिस्टर आपलं काम चोख करत होत्या, बायकाही आळशी नव्हत्या. नकाशावर एका रंगाने बाजाराचा वार आणि दुसऱ्याने फिरतीचा वार लिहिला तेव्हा सगळ्यांना एकदम दिसलं. इतकी वर्षं हे कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट एसटीची. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवणारी गाडी अशा वेळी पोचायची की केसपेपरच्या रांगेतच सकाळची ओपीडी संपायची. आम्ही आगार व्यवस्थापकांना गाडी अलीकडे आणायची विनंती केली. जमलं नाही, त्यांच्याकडे गाड्याच कमी. मग वही पुन्हा उघडली. त्या गाडीने जाणारे निम्म्याहून जास्त लोक बीपी आणि साखरेच्या महिन्याच्या गोळ्यांसाठीच जात होते! त्यांना तिथवर जायची गरजच नव्हती. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकदा तपासून औषध ठरवून दिलं की त्या गोळ्या उपकेंद्रातून सीएचओ देऊ शकतात, आणि अडलंच तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलता येतं. उपकेंद्राने महिन्याची मागणी नीट नोंदवली, गोळ्यांचा साठा आला, गाडीचा प्रश्न अर्धा मिटला.

घरोघर फिरताना अंदाज बांधू नका. मला वाटलं होतं की लोक सरकारी दवाखान्यात औषध नसल्यामुळे जात नाहीत. कित्येकांनी सांगितलं की पैसे लागतात म्हणून जात नाही. वास्तविक १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. बाळंतपणाचं तर २०११ पासूनच जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, आहार, आणि नेण्या-आणण्याचं वाहन सगळं मोफत आहे. हे माहीत नसणं हीसुद्धा अडचणच. ती दूर करायला मंजुरी लागत नाही, एक फलक आणि आशाताईंचा एक फेरा पुरतो.

४. काम कुणाच्या खिशातलं ते ठरवा

नवखा माणूस सगळ्यात जास्त ठेच खातो ती इथे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे येतात. तिथली साखळी तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, म्हणजे सीएस साहेबांकडे. ग्रामीण रुग्णालयातल्या एक्स-रे मशीनचं पत्र टीएचओंना, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दिलंत तर ते चांगुलपणाने पुढे पाठवतील किंवा फायलीत ठेवतील. आमचं ठेवलं गेलं.

रुग्णवाहिकेचंही तसंच. १०८ राज्यभर एका नियंत्रण कक्षातून चालते, तिच्यासाठी सरपंचांनी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दम देऊन उपयोग नाही. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे, ती प्राथमिक आरोग्य केंद्राशी बांधलेली. तिच्या चालकाचा, डिझेलचा विषय केंद्रात बोलता येतो. आमच्याकडे १०८ उशिरा यायचं एक कारण अगदी साधं निघालं. चालकाला वाडी सापडत नसे. एकाच नावाच्या दोन वाड्या, मध्ये ओढा. आम्ही फाट्यावर बाण काढलेला पत्रा लावला आणि फोनवर काय सांगायचं ती तीन वाक्यं प्रत्येक घराच्या दारामागे चिकटवली. खर्च अनटाइडमधून झाला, कुणाची परवानगी लागली नाही.

आता मोठी मागणी, म्हणजे ‘आमच्या गावाला आरोग्य केंद्र द्या’. याला लोकसंख्येचा निकष आहे. उपकेंद्राला सपाट भागात ५,००० आणि आदिवासी वा डोंगरी भागात ३,०००. प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि २०,०००. ग्रामीण रुग्णालयासारख्या सामुदायिक केंद्राला १,२०,००० आणि ८०,०००. आणि मोजणी २०११ च्या जनगणनेवर. तुमचं गाव यात बसत नसेल तर दरवर्षी तोच ठराव करून हात दुखवू नका. बसत असेल तर राज्याच्या बृहत आराखड्यात, म्हणजे नव्या आरोग्य केंद्रांच्या यादीत, नाव यावं लागतं, जागा लागते, इमारतीला निधी लागतो आणि पदनिर्मितीची मंजुरी वेगळी लागते. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. इमारत उभी, फीत कापलेली आणि आत माणूस नाही, अशी उपकेंद्रं पाहिली असतील. बऱ्याचदा पदांची मंजुरी मागे राहिलेली असते. जागेचा ठराव आणि पदांची मागणी एकाच पत्रात घाला.

५. ठराव असा लिहा की नाही म्हणायला जागा राहू नये

‘गावातील आरोग्य सुविधा सुधाराव्यात’ हा ठराव मंजूर करायला कुणाचीच हरकत नसते, आणि त्यावर काही करणं कुणालाच बंधनकारक वाटत नाही. आमचा चाललेला ठराव साधारण असा होता:

“उपकेंद्राच्या गावी मंगळवारी आठवडी बाजार असतो व खालच्या वाड्यांतील महिला त्याच दिवशी येतात. त्या दिवशी आरोग्य सेविकांची बाहेरगावी फिरती असल्याने गरोदर मातांची तपासणी होत नाही. सदर फिरती बुधवारी ठेवावी, अशी विनंती मा. तालुका आरोग्य अधिकारी यांना करण्यात यावी. सूचक, अनुमोदक. ठराव सर्वानुमते मंजूर.”

यात अडचण आहे, कारण आहे, उपाय आहे आणि कुणी करायचा तेही आहे. पैशाचा प्रश्नच नाही. पाचव्या आठवड्यात वार बदलला.

ठराव आधी समितीत घ्या, मग ग्रामसभेत. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती नसताना घेतलेल्या ठरावावर पुढे बोट ठेवलं जातं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. आरोग्याचा विषय तिथूनच आला तर मोठ्या सभेत त्याला फाटे फुटत नाहीत. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून घ्या. ‘उद्या लिहू’ म्हटलं की विषयच बदललेला असतो.

पत्र टपालात टाकू नका. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. बाबू जेवायला गेले असतील तर थांबा. पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता, असं समजा.

६. वेळ साधा

सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन काही मागायला जाऊ नका, तेव्हा सगळे जुना खर्च संपवण्यात बुडालेले असतात.

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची लगबग २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणतात तो. म्हणून घरोघरची वही गणपतीच्या आत पुरी करा आणि १५ ऑगस्टची ग्रामसभा विषय तोंडावर आणण्यासाठी वापरा. पाणी, गटार, उपकेंद्राकडे जाणारा रस्ता, कुंपण ही कामं या आराखड्यात बसतात.

आरोग्य अभियानाचा जिल्ह्याचा आराखडा वेगळा, त्याला सगळे पीआयपी म्हणतात. तालुक्याकडून जिल्हा, जिल्ह्याकडून राज्य आणि तिथून दिल्ली असा तो जातो. पैसा केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. २०२२-२४ पासून तो दोन वर्षांचा होतो, म्हणजे एक संधी हुकली की दोन वर्षं थांबा. पुढचा कधी भरला जाणार आहे हे तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात आधीच विचारून ठेवा. कंत्राटी पदं, प्रशिक्षण, उपकरणं असे विषय त्यात जातात. इमारतींसारख्या मोठ्या कामांना जिल्हा नियोजन समितीचा निधी मिळू शकतो. तिचे अध्यक्ष पालकमंत्री. तिथे आपला कागद नेणारा माणूस जिल्हा परिषदेचा सदस्य किंवा आमदार. तो कोणत्या पक्षाचा हे समितीने विसरून जावं.

७. अनटाइडचे पैसे

खर्च एकाहून अधिक कुटुंबांच्या उपयोगाचा हवा. अपवाद फक्त निराधार बाई किंवा अगदी गरीब घराला उपचारापर्यंत पोचवण्याचा. ज्या कामाला ग्रामपंचायतीचा किंवा दुसऱ्या खात्याचा निधी आहे त्यावर हा खर्च करू नका. ठराव आधी, खर्च मग, पक्की पावती आणि नोंद. पावतीवर तारीख ठरावाच्या आधीची पडली की लेखापरीक्षणात तोंड लपवायची वेळ येते, अनुभव आहे.

वजनकाट्याचे सेल, रात्री दवाखान्यात न्यायच्या गाडीचं भाडं, डास मारायचा खर्च, पाणी तपासणी, अशा बारीक गोष्टींवर हे पैसे सोन्यासारखे लागतात. सतरंज्या आणि खुर्च्या घेऊ नका. दर गावात कुणीतरी सुचवतंच.

८. उत्तर आलं नाही तर

महिनाभराने स्मरणपत्र, पहिल्या पत्राचा आवक क्रमांक टाकून. मग माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे निबंध लिहू नका. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, ते उत्तर द्यायला बांधलेले नसतात. ‘अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ एवढंच. मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. निम्म्या वेळा अर्ज पडल्यावर फोनच येतो, ‘अहो, बसून बोलू की’. बसा आणि बोला, पण अर्ज मागे घेऊ नका.

लोकशाही दिन पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्यात असतो. तिथे एक फसगत होते: तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. समितीच्या लेटरहेडवरचा अर्ज परत येतो. ज्याला त्रास झाला त्याने स्वतःच्या नावाने, १५ दिवस आधी द्यायचा.

सगळ्यांसमोर विषय मांडायचा असेल तर जनसुनवाई. महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे सरकारी आरोग्य सेवांवर लोकांनीच लक्ष ठेवायचं काम सुरू झालं, त्यात गावाने सेवांना हिरवा, पिवळा, लाल रंग देऊन प्रगतिपत्रक करायची पद्धत रुळली. ते पत्रक कुणीही करू शकतं. फक्त एक पथ्य पाळा. सिस्टर आणि आशाताईंना पत्रक आधी दाखवा. आमच्या पहिल्या पत्रकावर औषधांना लाल रंग होता आणि सिस्टरना ते भर सभेत पहिल्यांदा दिसलं. त्यांनी मागणीपत्रांच्या प्रती काढून दाखवल्या, तीन महिने वरूनच साठा आला नव्हता. आमचीच मान खाली. पुढच्या वेळी त्याच प्रती आम्ही पत्रकाला जोडल्या, आणि लाल रंग कुणाचा ते तालुक्याच्या बैठकीत सिस्टरनीच सांगितलं.

९. पिशवी पुढच्याला द्या

मुदत संपली की वही, नकाशा, पोच घेतलेल्या पत्रांची फाइल आणि पासबुक यांची यादी करून नव्या सदस्यांकडे सही घेऊन सोपवा. अपुरी कामं वेगळ्या पानावर, शेजारी शेवटचा आवक क्रमांक. आमच्या पानावर अजून एक काम आहे: खालच्या वाडीचा ओढा. पावसाळ्यात तिथे जीप उतरत नाही, १०८ पण नाही. पत्र गेल्या ऑगस्टचं आहे, स्मरणपत्र दोन.